फारोकी, हारून
फारोकी, हारून : (९ जानेवारी १९४४–३० जुलै २०१४). जर्मन अनुबोधपटकार व चित्रपटसमीक्षक. जन्म नॉयटिचाइन (सध्याचे नॉव्ही यिचीन, चेक प्रजासत्ताक) येथे. वडील भारतीय, तर आई जर्मन. बालपणाचा काही काळ भारत व इंडोनेशियात गेला. १९६६ मध्ये त्याने बर्लिनच्या चित्रपट अकादमीत प्रवेश घेतला; परंतु राजकीय चळवळीमुळे १९६८ मध्ये त्याला तेथून काढून टाकण्यात आले. पुढे सु. दहा वर्षे (१९७४–८४) तो फिल्मक्रिटीक या नियतकालिकाच्या संपादनात सहभागी होता.

तंत्रविद्या आणि सत्ता यांचा संबंध हा त्याच्या चित्रपटांचा मुख्य विषय होय. निष्ट ल्योशबारेस फॉयर (१९६९, म. शी. न विझणारी आग) या लघुपटात व्हिएटनाममध्ये वापरल्या गेलेल्या नापाम बाँबचा विचार आहे. भाजलेल्या देहांची दृश्ये दाखविली, तर प्रेक्षक डोळे मिटून घेतील, हे ओळखून फारोकी स्वतःच्या हातावर जळती सिगारेट टेकवितो. सिगारेटचे तापमान सु. ४०० अंश, तर नापामचे ३,००० अंश, एवढेच तो सांगतो. श्रमविभागणीमुळे आपण नेमके काय बनवितो, हे कारखान्यातील कोणालाच उमगत नाही व त्यामुळे जबाबदारीही कोणाची उरत नाही, असे या लघुपटाचे प्रतिपादन आहे.

बिल्डर डेर वेल्ट उंट इनश्रिफ्ट डेस क्रीगेस (१९८८, म. शी. जगाच्या प्रतिमा आणि युद्धाचा लेख) ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती मानली जाते. ४ एप्रिल १९४४ रोजी अमेरिकन विमानाने पोलंडमधील एका रासायनिक कारखान्याची छायाचित्रे घेतली. त्यांत आउश्व्हित्सची छळछावणीही टिपली गेली. तथापि पाहणाऱ्यांना कारखाना शोधण्याचे काम दिलेले होते; त्यामुळे छावणी ओळखली गेली ती १९७७ मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनंतर. कॅमेऱ्याने नोंदविलेले सर्वच मनुष्याला दिसते असे नाही; काय पाहायचे, हे सत्ता ठरविते, हा निष्कर्ष यातून निघतो.

आउगे/माशीने (२००१–०३, म. शी. डोळा/यंत्र) या मालिकेत १९९१ च्या आखाती युद्धातील, अस्त्रांवर बसविलेल्या कॅमेऱ्यांची दृश्ये आहेत. माणसाने पाहण्यासाठी नव्हे, तर यंत्राने कृती करण्यासाठी निर्माण झालेल्या अशा प्रतिमांना त्याने ‘कार्यकारी प्रतिमा’ म्हटले. अर्नस्ते श्पीले (२००९–१०, म. शी. गंभीर खेळ) मध्ये अमेरिकन सैनिकांचे संगणकीय युद्धप्रशिक्षण व युद्धाने खचलेल्यांवरील उपचार यांसाठी जवळपास सारखीच आभासी दृश्ये वापरली जातात, हे त्याने दाखविले. उपचारांच्या दृश्यांत वस्तूंना सावल्या नाहीत, एवढाच फरक तो नोंदवितो. पण त्यातून स्मरणापेक्षा मारण्याच्या शिक्षणावर अधिक खर्च होतो, ही विसंगती उघड होते.

त्याच्या शैलीत भावनोद्दीपन नाही. इतरांनी घेतलेली दृश्ये शेजारी मांडून, संयत निवेदनाने तो प्रेक्षकाला तुलना करावयास लावतो. या अलिप्ततेला मर्यादाही आहे : यंत्राचे व ते चालविणाऱ्यांचे तर्कशास्त्र त्याच्या चित्रपटांत स्पष्ट होते, पण ज्यांच्यावर ते यंत्र चालते, त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. असे असले, तरी प्रतिमा कोणी, कोणासाठी व कशाकरिता घेतली, हा प्रश्न अनुबोधपटाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. मानवरहित विमाने व चेहरे ओळखणारे कॅमेरे सर्वत्र पसरले असताना त्या प्रश्नाचे महत्त्व वाढलेच आहे.

बर्लिनजवळ त्याचे निधन झाले.