फाज, प्लेग आणि ‘ॲरोस्मिथ’

प्रतिजैविके निष्प्रभ ठरू लागल्याने जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजेच फाज, पुन्हा चर्चेत आले आहेत. ‘औषध आहे, मग आमच्या माणसाला का देत नाहीत?’ असे उद्या नौपाड्यातल्या शाळेतही एखादा पालक विचारील. सिंक्लेअर लुइस यांच्या ‘ॲरोस्मिथ’ (१९२५) या कादंबरीचा गाभा हाच प्रश्न आहे.

प्लेगग्रस्त बेटावरच्या एका वस्तीत डॉ. ॲरोस्मिथ निम्म्या लोकांनाच फाज देतो. पत्नी प्लेगने दगावताच मात्र मागेल त्याला देऊ लागतो. मग गुण फाजने आला की साथच ओसरली, हे सांगता येत नाही. लोकांची तळमळ आणि तज्ज्ञांचा काटेकोरपणा, दोन्ही लेखकाने प्रामाणिकपणे मांडले आहेत.

आम्हांला उणीव जाणवते ती वेगळीच. फाज ठरावीक जिवाणूंनाच, कित्येकदा त्यांच्या काही वाणांनाच मारतो. म्हणून रुग्णागणिक योग्य फाज शोधावा लागतो. या अडचणीला कादंबरीत फारसे स्थान नाही.

वर्गात ही कथा सांगताना भायखळ्याच्या तुरुंगाचीही आठवण द्यावी. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी तेथील काही कैद्यांना प्लेगची लस टोचली, काहींना नाही. या तुलनेमुळेच लशीचा उपयोग दिसला. पण कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हेही विद्यार्थ्यांना विचारावे, असे आम्ही सुचवतो.