‘लेडी इन सॅटिन’ : ओसरलेल्या आवाजाचे गाणे

बिली हॉलिडेच्या ‘लेडी इन सॅटिन’ या ध्वनिमुद्रिकेविषयी रसिकांत दोन तट आहेत. एकाच्या मते ही उद्ध्वस्त कंठाची केविलवाणी नोंद आहे. दुसऱ्याच्या मते हेच तिचे सर्वांत खरे गाणे. मी दुसऱ्या तटात बसतो, परंतु तेथील नेहमीचे कारण मला पटत नाही. तिने फार सोसले म्हणून गाणे थोर, असे ते सांगतात. सोसणारे पुष्कळ असतात. त्यांतले असे गाणारे किती?

फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ही गाणी मुद्रित झाली. ती वास्तू मूळची चर्चची. बिली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. मद्याने व मादक द्रव्यांनी आवाज पार खरवडून निघाला होता. गाणी सारी ‘टॉर्च साँग’ जातीची, म्हणजे परतफेड न झालेल्या प्रेमाची ज्योत जपत बसणाऱ्याची. रे एलिस यांनी त्यांभोवती व्हायोलिनांचा तलम पडदा विणला. स्त्रीस्वरांचा कोरस मात्र मला आजही अनावश्यक वाटतो. तो दुःखाला साखर लावतो.

पहिलेच गाणे ‘आय ॲम अ फूल टू वॉन्ट यू’ ऐकावे. वाद्ये ठरल्या वेळी पुढे सरकतात आणि बिली मागे राहते. शब्द येणार, येणार असे वाटते. तो क्षणभर उशिरा येतो, गायल्यासारखा कमी आणि बोलल्यासारखा अधिक. स्वर लांबवण्याचे बळ उरलेले नाही, म्हणून ती ओळ लवकर सोडते आणि उरलेली जागा रिकामी ठेवते. लयीशी हा लपंडाव तिने १९३७ च्या सुमारास लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनच्या सोबतीने कितीदा खेळला होता! तेव्हा त्यात खोडकरपणा होता. इथे खेळ तोच आहे, पण हातची पाने संपत आली आहेत. ‘यूव्ह चेंज्ड’मध्ये तर एकही स्वर सुंदर म्हणावा असा नाही, आणि तरीही एकही चुकीच्या जागी पडत नाही. स्वतः एलिस प्रथम तिच्या गाण्यावर नाराज होते. पूर्ण काम नंतर ऐकल्यावर त्यांचे मत पालटले.

आपल्या वाचकांना आणखी एक मोह होईल. बाल्टिमोरमध्ये सिस्टरांनी चालवलेल्या ‘हाऊस ऑफ द गुड शेफर्ड’मध्ये ती लहानपणी राहिली होती, जुलै १९५९ मध्ये तिची अंत्यविधीची मिस्सा न्यूयॉर्कच्या संत पौलाच्या चर्चमध्ये झाली. या दोन टोकांमध्ये पश्चात्तापदग्ध मग्दालेना उभी करणे फार सोपे आहे. पण या गाण्यांत कबुलीजबाब नाही. क्षमा मागणाऱ्याचा सूर तर मुळीच नाही.

ज्यांना शंका असेल त्यांनी १९९७ सालची आवृत्ती मिळवावी. तीत ‘दि एंड ऑफ अ लव्ह अफेअर’ या गाण्याच्या मुद्रणाची दहाएक मिनिटांची हकिगत आहे. हे गाणे तिला नीट ठाऊक नव्हते. चाल अडते, ती थांबते, पुन्हा पहिल्यापासून धरते. काम करणाऱ्या बाईचा तो आवाज आहे.