दारूला ऊन दाखवा

महाडजवळच्या दासगावच्या दौलतगडावर आज पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. खाली सावित्रीची खाडी, पावसाळ्यात चहूकडे ओल. अशा जागी दारूगोळा टिकवायचा कसा, हे कळून घ्यायचं तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र उघडावं. 1715च्या सुमाराच्या या ग्रंथातलं दुर्गप्रकरण लोक तटबुरुजांसाठी वाचतात. मला त्यातला दारूखान्याचा मजकूर जास्त आवडतो.

शौर्याचा एक शब्द त्यात नाही. दारूखाना घराजवळ, घराच्या वाऱ्याखाली नको. मग भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुसू, आत तळघर, तळघरात गच, म्हणजे चुन्याची पक्की जमीन, गचावर माच, म्हणजे मचाण, आणि माचावर दारूची मडकी. बाण आणि होके, म्हणजे हातगोळे, मधल्या घरात. नजर बाहेरून आत येते आणि जमिनीवरून वर चढते. गच आणि माच तर ओलीलाच अडवायला. पुढचं कलम मजेचं. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावं, सगळं बाहेर काढून पापडांसारखं उन्हात घालावं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावं. अमात्यांची खरी नजर या मुद्रेत दिसते. ऊन दारूसाठी, मुद्रा माणसांसाठी!

एवढी काळजी सोऱ्यापायी. दारूत साधारण तीन चतुर्थांश सोरा. बाकी कोळसा आणि गंधक. सोरा पाण्यात विरघळतो. सरदी मुरली की तो दाण्यातून सुटून वर पांढरा धरतो आणि मिश्रण बिघडतं. अशा दारूला मग कितीही ऊन द्या, पाणी उडेल, मिसळ परत येणार नाही. सोरा पाण्यात उतरवून, आटवून वेगळा काढायचा आणि दारू नव्याने बनवायची, एवढाच मार्ग उरतो. त्या उस्तवारीबद्दल अमात्य अवाक्षर काढत नाहीत. त्यांचा सारा भर दारू बिघडूच न देण्यावर.

एक शंका मात्र राहते. आषाढात महाडकडे पंधरा-पंधरा दिवस ऊन पडत नाही, तिथे हवालदाराने काय करायचं? उत्तर मजकुराच्या क्रमातच असावं. बांधकाम आधी, ऊन नंतर. पावसाळ्याचे चार महिने भिस्त गचावर आणि माचावर.

रायगडावर बारा टाक्यांच्या बाजूला दारूकोठाराचे अवशेष आहेत. बहुतेक मंडळी जगदीश्वरावरूनच मागे फिरतात. तुम्ही थोडं पुढे जा आणि दुर्गप्रकरणाचं हे पान तिथे उभं राहून वाचा.