मनोचा धर्म कुणी ठरवायचा?

पंडिता रमाबाईंवर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: बाईंनी धर्म का बदलला? कुणाला त्यात बंड दिसतं, कुणाला फितुरी. त्यांची पत्रं वाचताना मला मात्र दुसराच प्रश्न टोचत राहिला. पोरीच्या धर्माचं काय?

ही पत्रं 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत पुस्तकरूपाने काढली. नाव ‘द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई’, संपादक अ. भि. शहा. नाव जड आहे, पण आत एका तरुण विधवा आईचं आणि तिला मदत करणाऱ्या संस्थेचं भांडण आहे. ज्यांच्या घरी देवाधर्मावरून कधी वाद झालाय, त्यांना ते वाचताना अनोळखी वाटणार नाही.

1883च्या एप्रिलमध्ये रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. नवरा वर्षभरापूर्वी पटकीने गेलेला. वांटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठाने मायलेकींना आसरा दिला. 29 सप्टेंबर 1883ला दोघींचा बाप्तिस्मा झाला. आई पंचवीस वर्षांची, संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेली. लेक अडीच वर्षांचीही नाही. एकाच दिवशी, एकाच पाण्याने दोघी ख्रिस्ती झाल्या, पण निर्णय एकीचाच होता.

खरी गंमत पुढे आहे. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, आणि याच आजीबाईंशी त्यांचं सगळ्यात जास्त वाजलं. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणून बाई अडून बसल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. अंडं घातलेलं पुडिंग खायला नकार दिला, तर त्यावरूनही अहंकाराचा ठपका आला. आणि मनोरमाचा विषय निघाला की बाईंची भाषा आणखी धारदार होते. जे मलाच पटलेलं नाही, ते माझ्या लेकीला माझ्या मागे शिकवू नका, असा त्यांचा रोख आहे. ब्राह्मण पुरोहितांचं जोखड उतरवून ठेवलेली बाई इंग्लिश पाद्र्यांचं जोखड पोरीच्या मानेवर येऊ देणार नव्हती.

इथवर आपण सगळे टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या. पण रमाबाईंना नुसत्या टाळ्या वाजवल्या तर पुस्तक अर्धंच वाचल्यासारखं होतं. दहा वर्षांनी हेच भांडण पुण्यात झालं, आणि या वेळी रमाबाई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होत्या.

11 मार्च 1889ला मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढे पुण्यात आलं. इथे धर्माची सक्ती नाही, असा शब्द होता. बाई आपल्या खोलीत मनोरमाबरोबर प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. बाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलवत नाही, पण दारही लावणार नाही. 1893मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. वांटेजला जे रमाबाई म्हणत होत्या, तेच आता हे पालक म्हणत होते: आमच्या पोरींना आमच्या मागे काही शिकवू नका.

याला दुटप्पीपणा म्हणणं सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं. दोन्हीकडची माणसं सारखी नव्हती. वांटेजला आई लेकीसाठी भांडत होती. पुण्यातल्या पालकांपैकी कित्येकांना त्या बालविधवांचं पुढे काय होणार याची फारशी फिकीर नव्हती. पोरगी वाया गेली तरी चालेल, बाटायला नको, असाही सूर त्यात होता. तरीही उघडं दार वाटतं तितकं निष्पाप नसतं. जी बाई जेवण देते, शिकवते, केस काढलेल्या मुलीला माणूस म्हणून वागवते, ती समोर डोळे मिटून बसली असेल तर मुलगी निव्वळ आपल्या मर्जीने आत येते असं कसं म्हणायचं? प्रेमाचंही वजन पडतं. आजीबाईंचं पडत होतं, तसंच रमाबाईंचंही.

हे आपल्याला परकं वाटायला नको. लातूरकडे लिंगायत घरात बाळाला लिंग बांधतात तेव्हा बाळाला कोण विचारतं? नांदेडच्या शीख घरातल्या पोराचे केस त्याला कळायला लागण्याआधीच राखलेले असतात. वारकऱ्याच्या घरात हरिपाठ पाळण्यातच कानावर पडतो. आणि दहावी झाली की नांदेडचं पोरगं लातूरच्या हॉस्टेलवर टाकतात, तोही एक धर्मच. त्याची दीक्षा नीटच्या निकालापर्यंत चालते. आईबाप रिकाम्या हाताने मूल वाढवत नाहीत. हातात काय आहे आणि मूठ किती घट्ट आहे, एवढाच फरक.

रमाबाईंच्या हातात तेव्हा नेमकं काय होतं? 1907च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात त्याचा आशय असा, की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी भेटला. म्हणजे वांटेजला आई स्वतःच शोधात होती, आणि शोधाच्या अधल्यामधल्या वाटेवर लेकीचं बोट धरून चालली होती. म्हणूनच त्या पत्रांत इतका राग आणि इतका प्रामाणिकपणा आहे. सगळं सापडलेल्या माणसाला असं लिहिता येत नाही.

पुस्तकाची मोठी उणीव याच जागी आहे. पत्रं जुळवली जेराल्डिन यांनी, टिपाही त्यांच्याच. त्यामुळे वाद चालू असताना एक पक्षकार मधूनमधून न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. माझा सल्ला: आधी टिपा गाळून फक्त पत्रं तारखेनुसार वाचा, मग टिपांकडे वळा. फोनवर वाचत असाल तर हे आणखी सोपं आहे. आणि जिच्यावरून एवढं रामायण झालं, ती मनोरमा बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या वाक्यांतच भेटते.

मोठी झाल्यावर ती आईच्या कामात उभी राहिली. गुलबर्ग्याला तिने शाळा काढली. नांदेड, लातूर तेव्हा ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यात. 1921मध्ये, आईच्या आधी काही महिने, ती गेली. आईचा धर्म तिने निवडला की तो निवडण्याची वेळच तिच्यावर आली नाही, हे मला या पुस्तकातून कळलं नाही. तिला विचारायला हवं होतं असं एकदाही न वाटलेली दोन प्रेमळ माणसं मात्र पानोपानी दिसली.