प्रेताचे ओझे : ‘जाने भी दो यारो’ आणि शोधकथेचा संकेत

रहस्यकथेत दोन कथा असतात, हे त्झ्वेतान तोदोरोव्ह यांचे १९६६ मधील विवेचन सुपरिचित आहे : एक घडून गेलेल्या गुन्ह्याची, दुसरी त्याच्या शोधाची. दुसरी पहिलीपर्यंत पोचली की सत्य उघड होते आणि विस्कटलेली व्यवस्था पूर्ववत होते. बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजयाचा वाचक हे गृहीतच धरून असतो. धांदरट हौशी हेरांची प्रहसने या संकेताची थट्टा करतात, परंतु तो मोडत नाहीत; हेराच्या बुद्धीची जागा तेथे योगायोग घेतो, इतकेच. ‘द फ्लिन्टस्टोन्स’ (१९६०–६६) या अमेरिकी व्यंगचित्रमालिकेत फ्रेड आणि बार्नी यांनी कितीही घोळ घातला, तरी पुढच्या भागात बेडरॉक गाव होते तसेच असते.

कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३) हा मुंबईत घडणारा चित्रपट याच प्रहसनप्रकाराचा सांगाडा घेतो आणि त्यातील दिलासा मात्र नाकारतो. विनोद आणि सुधीर या छायाचित्रकारांच्या हाती खुनाचा पुरावा अपघातानेच लागतो. छायाचित्र मोठे करताना खून दिसणे, हा आंतोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’चा (१९६६) उघड संदर्भ आहे, बागेचे नावच ‘आंतोनिओनी पार्क’ आहे. येथील भेद अर्थपूर्ण आहे. ‘ब्लो-अप’मध्ये प्रेत नाहीसे होते आणि वास्तवच संशयास्पद ठरते. येथे आयुक्त डिमेलोचे प्रेत हरवते, सापडते, पण नाहीसे होत नाही. मद्यधुंद आहुजा त्याच्या शवपेटीला मोटार समजतो. पुढे ते द्रौपदीच्या वेषात रंगमंचावरही येते. प्रश्न ज्ञानाचा नाही, सत्तेचा आहे. पुरावा सर्वांसमक्ष असूनही तो पुरावा ठरत नाही.

उत्तरार्धातील धावपळ सैल आणि ताणलेली आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु त्या गोंधळाला प्रयोजन आहे. द्रौपदीचा कैवार घेणारे आणि तिला ओढणारे दोघेही मुळात एका प्रेतासाठी झगडत असतात; धर्म-अधर्माचा महाकाव्यातील व्यूह तेथे पोकळ होतो. भक्ती बर्वे यांनी साकारलेली संपादक शोभा हीही सत्याचे मोल पैशात करते, तेव्हा शोधकथेला उरलेला अखेरचा आधार, म्हणजे वृत्तपत्र, निखळतो. कोसळलेल्या पुलाचा दोष अखेर या दोघांच्याच माथी येतो.

म्हणजे शोध पूर्ण होतो आणि व्यवस्थाही पूर्ववत होते. फक्त ती व्यवस्थाच गुन्हेगार असल्याने तिची पुनःस्थापना हीच शोकान्तिका ठरते. कैद्यांच्या पोशाखातील दोघे शेवटी प्रेक्षकाकडे वळून गळा कापल्याची खूण करतात. या क्षणी सत्य जाणणारा, पण त्याचे काही करू न शकणारा तिसरा हौशी हेर प्रेक्षकच असतो. प्रहसनाने त्याला हसवले, ते या ओळखीपर्यंत आणण्यासाठी.