'वाचकांना पटणार नाही'

सॅम्युएल डिलेनी या काळ्या अमेरिकी विज्ञानकथाकाराची 'नोव्हा' ही कादंबरी १९६८ मध्ये अमेरिकेत पुस्तकरूपाने आली. त्याआधी डिलेनीच्या एजंटने ती 'अ‍ॅनालॉग' मासिकाकडे क्रमशः छापण्यासाठी पाठवली होती. संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांचा एजंटला फोन आला. कादंबरी त्यांना आवडली होती. अडचण एवढीच, की नायक काळा आहे आणि असा नायक आपल्या वाचकांना जवळचा वाटणार नाही. नायकाची आई सेनेगलची, वडील नॉर्वेजियन वंशाचे, आणि कथा घडते बत्तिसाव्या शतकात. फुटणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यात शिरून माणूस इंधन आणतो हे वाचकांना पटणार होतं; तो माणूस काळा आहे हे पटणार नव्हतं. पुढच्याच वर्षी विज्ञानकथेच्या वाचकांनी 'नोव्हा'ला मतं देऊन ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत आणून बसवलं.

आपल्याकडे भाड्याचं घर शोधणाऱ्याला आडनाव विचारून झाल्यावर जे उत्तर मिळतं, त्याच जातीचं हे उत्तर आहे: आमचं काही नाही हो, पण सोसायटीतली माणसं... विज्ञानकथा आणि अद्भुतिका यांच्या इंग्रजी प्रकाशनविश्वातल्या पूर्वग्रहांवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं, भांडणं झाली, पुतळे उतरले, पुरस्कारांची नावं बदलली. माझ्या मते त्या सगळ्या गदारोळात हा फोन मात्र नीट ऐकला गेला नाही. उघड द्वेष करणारा माणूस ओळखू येतो. दुसऱ्याच्या नावाने नकार देणारा संपादक सभ्यच राहतो.

कॅम्पबेल काही किरकोळ संपादक नव्हते. १९३७ च्या अखेरीपासून १९७१ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते एकाच मासिकाचे संपादक होते. 'अस्टाउंडिंग' नावाने ते हाती घेतलं आणि १९६० मध्ये त्याचं 'अ‍ॅनालॉग' केलं. असिमोव्ह आणि हाइनलाइन यांना त्यांनी घडवलं असं म्हणण्याची रीत आहे आणि ती बरीचशी खरीही आहे. पण लेखकांना कथाबीज पुरवण्याची त्यांना हौस होती, आणि त्या बीजांतून त्यांचं मन दिसतं. हाइनलाइनच्या 'सिक्स्थ कॉलम'ची कल्पना त्यांचीच. आशियाई आक्रमक अमेरिका गिळंकृत करतात आणि वंश पाहून माणसं मारणाऱ्या अस्त्राने त्यांचा बीमोड होतो, अशी ती कथा १९४१ मध्ये छापून आली. मूळ आराखड्यातला वंशद्वेष आपण सौम्य करून लिहिला, असं हाइनलाइननेच नंतर सांगितलं. तेव्हा 'वाचकांना पटणार नाही' म्हणताना कॅम्पबेल कोणत्या वाचकाकडे बोट दाखवत होते, हे वेगळं सांगायला नको.

हा फोनचा प्रसंग डिलेनीने १९९८ मध्ये वंशवाद आणि विज्ञानकथा या विषयावरच्या निबंधात नोंदवला. या विषयावर इतकं शांत डोक्याने लिहिलेलं दुसरं काही मी वाचलेलं नाही. त्यात विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेतर्फे दिल्या जाणाऱ्या नेब्युला पुरस्कारांच्या १९६८ च्या समारंभाची हकिगतही आहे. पंचविशीतल्या डिलेनीला त्या रात्री दोन पुरस्कार मिळाले, आणि तू निग्रो आहेस म्हणूनच आम्ही तुला मतं दिली, असा विनोद असिमोव्हने केला. डिलेनीने त्याबद्दल आकांडतांडव केलेलं नाही. सभागृहातला ताण सैल करण्यासाठी केलेला तो विनोद होता हे तो मान्य करतो. पण त्या क्षणापासून कोणताही सन्मान त्या शंकेपासून मोकळा राहिला नाही, हेही सांगतो. संमेलनांत त्याला आणि विज्ञानकथाकार ऑक्टेव्हिया बटलरला पुन्हा पुन्हा एकाच परिसंवादात बसवलं जाई. दोघांच्या लेखनात साम्य शोधूनही सापडणार नाही. साम्य होतं ते कातडीच्या रंगात.

निबंधातलं सर्वांत टोकदार वाक्य मात्र भविष्याबद्दल आहे. आम्ही एक-दोन किंवा मूठभर आहोत तोवर पूर्वग्रह सौम्य राहील, असं त्याने लिहिलं. काळे लेखक तेरा, पंधरा, वीस टक्के झाले आणि स्पर्धेला पैशाचं वजन आलं, की इतर कोणत्याही क्षेत्राइतकाच वंशवाद इथेही दिसेल. पुढे झालं असं, की तेवढी वाटही पाहावी लागली नाही. 'फायरसाइड' मासिकाने २०१५ सालच्या कथांची मोजदाद केली तेव्हा ६३ मासिकांतल्या २,०३९ नव्या कथांपैकी काळ्या लेखकांच्या ३८ निघाल्या. दोन टक्केसुद्धा नाहीत. आणि त्याच २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार आता एका टोळक्याने काबीज केले आहेत अशी हाकाटी करत 'सॅड पपीज' आणि 'रॅबिड पपीज' हे गट ठरवून मतांच्या याद्या घेऊन उतरले.

न्यायाने बोलायचं तर पहिल्या गटाची सगळी तक्रार वर्णाची नव्हती. साहसकथा मागे पडली, संदेश पुढे आला, असं त्यांतल्या अनेकांना मनापासून वाटत होतं, आणि वाचक म्हणून तसं वाटण्याचा त्यांना हक्क होता. पण दुसऱ्या गटाचा म्होरक्या थिओडोर बील होता. एन. के. जेमिसिन या काळ्या लेखिकेला अर्धरानटी म्हटल्याच्या प्रकरणानंतर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता. याद्यांचा डाव नामांकनापुरता यशस्वी झाला. मतदानात सभासदांनी पाच विभागांत 'पुरस्कार नाही' या पर्यायाला जिंकवलं. कादंबरीचा पुरस्कार मिळाला लिऊ त्सिशिनच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'ला, म्हणजे चिनी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला. मग २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं कादंबरीचा ह्यूगो जेमिसिनने घेतला. असं आधी कोणालाच जमलं नव्हतं.

इथे गोष्ट संपली असं अनेकांना वाटतं. मला वाटत नाही. पुरस्कार ही इमारतीची दर्शनी बाजू असते; हस्तलिखित आत येतं ते मागच्या दाराने. न मागता आलेल्या कथांच्या ढिगाला या व्यवसायात 'स्लश' म्हणतात. तो ढीग पहिल्यांदा उपसतात ते बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक. 'स्ट्रेंज होरायझन्स'सारखं नावाजलेलं मासिकही २००० पासून बिनपगारी माणसांवर चालतं, आणि त्या माणसांच्या निष्ठेला तोड नाही. तरीही आठवड्याला दहा तास फुकट कोणाला देता येतात, हा प्रश्न उरतोच. ज्याचं घरभाडं दुसऱ्या कोणत्या तरी सोयीने भागतं, तोच पुढे संपादक होतो आणि त्याचीच आवड पुढे 'दर्जा' म्हणून ओळखली जाते. लेखकाचं नाव झाकून कथा वाचण्याचा उपाय सुचवला जातो, तो चांगलाच आहे. पण कॅम्पबेलचा आक्षेप लेखकाच्या नावाला नव्हता, नायकाला होता. नाव झाकून 'नोव्हा' वाचली असती तरी फोन आलाच असता.

मुखपृष्ठांचा प्रकार याच्या पुढचा. बटलरच्या 'डॉन'ची नायिका लिलिथ काळी आहे. १९८७ च्या मूळ मुखपृष्ठावर दोन गोऱ्या बायका दिसतात. उर्सुला ली ग्विनच्या 'अर्थसी'मधली बहुतेक माणसं सावळी-तांबूस वर्णाची. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत नायक गोरा झाला, तेव्हा तिने जाहीर लेख लिहून खडसावलं. कारण विचारलं की विक्री विभाग सांगतो, दुकानदार उचलत नाहीत. दुकानदार सांगतो, गिऱ्हाईक उचलत नाही. गिऱ्हाइकाला कोणी विचारलेलं नसतं.

आता पुतळ्याकडे वळू, कारण त्यात पुण्याचा संबंध आहे. वर्ल्ड फँटसी पुरस्कार म्हणून अनेक वर्षं अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा दिला जाई. 'तुंबाड' चित्रपटातला हस्तर ज्यांना आठवतो, त्यांनी लव्हक्राफ्ट वाचला नसला तरी त्याच्या गोतावळ्यातला एक नातलग पाहिलेला आहे. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष ऐकीव नाही. काळ्यांविषयी त्याने लिहिलेली एक कविता वाचवत नाही, आणि ब्रुकलिनमधल्या स्थलांतरितांची किळस 'द हॉरर अ‍ॅट रेड हूक' या कथेच्या ओळीओळीत आहे. नेडी ओकोराफोर या नायजेरियन वंशाच्या लेखिकेला २०११ मध्ये हा पुरस्कार मिळाला. ती कविता नंतर तिच्या वाचनात आली, आणि असल्या माणसाचं मुंडकं घरात ठेवायचं कसं, हा प्रश्न तिने उघडपणे मांडला. २०१५ मध्ये पुतळा बंद झाला. निषेध म्हणून आपले दोन्ही पुरस्कार परत करणारा माणूस होता एस. टी. जोशी, म्हणजे सुनंद त्र्यंबक जोशी. जन्म पुण्याचा, १९५८ चा. पाच वर्षांचा असताना अमेरिकेत गेलेला.

जोशींना हसून सोडून देणं सोपं आहे आणि चूकही. लव्हक्राफ्टच्या शुद्ध संहिता त्यांनी सिद्ध केल्या, त्याचं प्रचंड चरित्र लिहिलं, आणि त्याच्या वंशद्वेषाचे पुरावे तारीखवार मांडणाऱ्यांतही तेच पुढे होते. लव्हक्राफ्टला मान मिळाला तो कथांसाठी, मतांसाठी नव्हे, हा त्यांचा मुद्दा. समीक्षक म्हणून तो मलाही मान्य आहे. पण पुतळा ही समीक्षा नव्हे. तो माणसाच्या हातात ठेवला जातो, आणि ज्याच्या हातात ठेवला त्याला लव्हक्राफ्ट माणसांत धरत नव्हता. शिवाय हा तपकिरी वर्णाचा मुलगा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लव्हक्राफ्टला दिसला असता तर त्याने पत्रात काय लिहिलं असतं, याची कल्पना ती पत्रं संपादित करणाऱ्या जोशींइतकी कोणालाच नसणार. ही प्रीती मला न उलगडणारी वाटते, तरी तिला खोटी म्हणवत नाही. साहित्याचं प्रेम असंच, अपमान करणाऱ्याच्या दारातही जाऊन बसतं. ठरावांपेक्षा मला व्हिक्टर लाव्हाल या काळ्या लेखकाचं उत्तर मोठं वाटतं. त्याने २०१६ मध्ये 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' लिहून ती रेड हूकची कथाच काळ्या माणसाच्या बाजूने पुन्हा सांगितली.

कॅम्पबेलचंही नाव उतरलं. २०१९ मध्ये डब्लिनच्या संमेलनात लेखिका जनेट इंगने त्याच्या नावाचा पुरस्कार स्वीकारताना त्याला फॅसिस्ट म्हटलं, आणि काही दिवसांत पुरस्काराचं नाव बदललं. नाव बदललं, सवय राहिली. २०२३ च्या ह्यूगोसाठी संमेलन चीनच्या छंगतूमध्ये भरलं. आर. एफ. क्वांगची 'बेबल' ही कादंबरी आणि आणखी काही नावं कारण न देता अपात्र ठरवली गेली. पुढच्या वर्षी बाहेर आलेल्या ईमेल्समधून दिसलं, की पाश्चात्त्य प्रशासक मंडळींनीच उमेदवारांच्या लेखनातून चिनी सरकारला खुपेल असं काय आहे ते हुडकून टिपणं तयार केली होती. पुन्हा तेच: आमचं काही नाही, त्यांना चालणार नाही. या वेळी बळी पडलेल्यांत चिनी वंशाचेच लेखक होते.

आणि शहाण्या, जागरूक बाजूचं काय? २०२० च्या जानेवारीत इझाबेल फॉल या टोपणनावाने एका ट्रान्स लेखिकेची कथा 'क्लार्क्सवर्ल्ड'मध्ये आली. शीर्षक एका ट्रान्सद्वेष्ट्या विनोदावरून घेतलेलं होतं. कथा न वाचताच अनेकांनी लेखक द्वेष्टा असल्याचा निकाल दिला आणि शेवटी तिने ती मागे घेतली. ज्या 'फायरसाइड'ने दोन टक्क्यांचा हिशेब मांडला, त्याच मासिकाने त्याच वर्षी एका काळ्या लेखिकेचा निबंध गोऱ्या निवेदकाच्या तोंडून, काळ्यांच्या बोलीची नक्कल वाटेल अशा सुरात ऐकवला. प्रसिद्ध होण्याआधी तो कोणी ऐकलाच नव्हता. वाचणारा आणि ऐकणारा माणूस जागेवर नसेल तर हेतू कितीही चांगला असो, उपयोग होत नाही.

बरं काही घडलं आहे ते डाव नव्याने मांडणाऱ्यांकडून. कार्ल ब्रँडन हा १९५० च्या दशकातला विज्ञानकथेचा काळा चाहता प्रत्यक्षात नव्हताच; टेरी कार या गोऱ्या चाहत्याने आणि त्याच्या मित्रांनी गंमत म्हणून रचलेलं ते पात्र होतं. १९९९ मध्ये गौरेतर लेखकांनी संस्था काढली, तेव्हा तेच नाव घेतलं. हा विनोद असिमोव्हच्या विनोदापेक्षा कितीतरी चांगला आहे. बटलरच्या नावाची शिष्यवृत्ती ही संस्था देते. २०१५ मध्ये ती कोलकात्याच्या मिमी मंडलला मिळाली. मिमी दलित आहे, पेंग्विन इंडियात संपादक होती, पुढे 'अनकॅनी' मासिकात संपादन केलं. बटलरला उद्देशून लिहिलेल्या पत्रांचा आणि निबंधांचा एक संग्रह तिने अ‍ॅलेक्झांड्रा पियर्सबरोबर संपादित केला आणि त्यामुळे २०१८ मध्ये ह्यूगोच्या अंतिम यादीत पहिलं भारतीय नाव आलं.

अमेरिकी मोजणीत मात्र ती 'दक्षिण आशियाई' या एका रकान्यात जाते. त्या रकान्यात जोशीही बसतात आणि मंडलही. वर्णाची मोजदाद करणाऱ्यांना जात दिसत नाही, आणि आपल्याकडच्यांना ती विज्ञानकथेत आणायची नसते. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठेची कमतरता नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेऊन, 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, आणि ती पहिली आली. पुढे ते साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. पण आपल्या कथांतली अंतराळयानं बहुधा एकाच वस्तीतून उडतात. ज्या भाषेत बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ मध्येच लिहून झाली, तिथे मंगळावरच्या वसाहतीत मैला कोण उचलतो हा प्रश्न कथाकारांना क्वचितच पडतो. 'द ब्लाफ्ट बुक ऑफ अँटी-कास्ट एसएफ' २०२४ मध्ये निघालं ते चेन्नईच्या प्रकाशकाकडून, इंग्रजीत. मराठीतल्या एखाद्या दिवाळी अंकाने हा विषय जाहीर करायला काहीच हरकत नाही. कथा येतील. त्या वाचायला कोणाला बसवायचं, एवढं मात्र संपादकाने जाहिरात देण्याआधी ठरवावं, आणि त्याचे पैसेही.