उपाशी उंदीर धावतो, पण कशासाठी? लेप्टिनच्या एका गाजलेल्या पेपरबद्दल

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर मांडला होता. एक्सनर आणि सहकाऱ्यांचा, २००० सालचा, 'मॉलिक्युलर सायकिअॅट्री'मधला. पंचवीस मिनिटं बोलले, आलेख झकास दाखवले आणि शेवटी ठणकावून सांगितलं, "म्हणजे अॅनोरेक्सियातला अतिव्यायाम लेप्टिन कमी झाल्यामुळे होतो." मागच्या बाकावरून एका सिनिअरने विचारलं, "माणसांचा व्यायाम मोजला कोणी?" मी स्लाइड मागे-पुढे करत राहिले. उत्तर स्लाइडवर नव्हतंच. पेपर मी तीनदा वाचला होता, पण हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

अजूनही हा पेपर मला आवडतो. पण तो कसा वाचायला हवा होता ते आज लिहितेय, कारण तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिससाठी असेच पेपर चाळत असणार.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'अॅनोरेक्सिया' म्हणजे शब्दशः भूक नसणे. नावातच घोळ आहे, कारण या आजारात भूक मेलेली असतेच असं नाही. रुग्ण भुकेशी झगडत असतात. विल्यम गल या इंग्रज डॉक्टरने १८७३ च्या सुमारास आजाराला हे नाव दिलं, तेव्हाच एक विचित्र गोष्ट नोंदवून ठेवली होती: इतक्या खंगलेल्या मुली इतकी हालचाल करतात तरी कशी, आणि ती त्यांना हवीहवीशीही वाटते. उपाशी माणूस पडून राहतो, ही आपली साधी समजूत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा ते सुस्त झाले होते, जिने चढायचे टाळत होते. मग अॅनोरेक्सियातल्या काही रुग्ण शांत का बसू शकत नाहीत?

इथे उंदीर येतो. १९६७ मध्ये राउटनबर्ग आणि कुझनेसॉफ यांनी दाखवलं की उंदराला दिवसातून एकच तास अन्न दिलं आणि उरलेला वेळ पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं, तर तो दिवसेंदिवस जास्त धावतो, त्या एका तासातही कमी खातो आणि शेवटी मरतो. चाक नसलेला उंदीर तेवढ्याच वेळात पुरेसं खायला शिकतो आणि जगतो. हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता.

लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून रक्तात जाणारं हार्मोन. चरबी घटली की तेही घटतं आणि मेंदूला निरोप पोचतो की साठा संपत आलाय. एक्सनर गटाची कल्पना अशी: ही घटच धावण्याचा खटका दाबत असेल तर? आधी उंदरांची चाकावरची रोजची हालचाल स्थिर होऊ दिली. मग अन्न कमी केलं आणि त्वचेखाली बारीक पंप बसवला. काहींच्या पंपात लेप्टिन, काहींच्यात नुसतं द्रावण. द्रावणवाल्यांची हालचाल मूळ पातळीपेक्षा ३०० टक्क्यांनी वाढली. लेप्टिनवाल्यांची अशी वाढलीच नाही. दुसऱ्या प्रयोगात आधी धावपळ सुरू होऊ दिली आणि नंतर लेप्टिन दिलं, तर ती थांबली. हा दुसरा प्रयोग मला फार आवडतो. सुरुवात रोखणं आणि सुरू झालेलं थांबवणं हे दोन वेगळे दावे आहेत, आणि लेखकांनी दोन्ही तपासले.

खटकतं ते याच्या पुढचं. माणसांचा भाग असा की रुग्णांनी स्वतःच्या अस्वस्थतेला गुण दिले. खंगलेल्या अवस्थेतली अस्वस्थता त्यांनी वजन वाढल्यानंतरच्यापेक्षा जास्त सांगितली. ठीक आहे. पण त्या काळात फक्त लेप्टिन वाढलं का? खाणं वाढलं, शरीराचं तापमान सुधारलं, झोप सुधारली, उपचार झाले, वॉर्डची सवय झाली. वजनासोबत शंभर गोष्टी बदलतात, त्यातली एक उचलून तिलाच कारण म्हणता येत नाही. शिवाय चाकावरचे फेरे, 'पाय स्थिर राहत नाहीत' ही भावना, आणि खाल्लेलं जाळायचं म्हणून ठरवून केलेल्या दोनशे उठाबशा, या तिन्हींना आपण एकाच शब्दात कोंबतो: हायपरअॅक्टिव्हिटी. उंदराला आरशात पोट दिसत नाही. तिसरा प्रकार त्याच्यात असणं शक्यच नाही.

उंदराच्या भागातही एक फट आहे: तापमान. उपाशी उंदीर गारठतो आणि धावल्याने ऊब मिळते. लेप्टिन शरीरातली उष्णता वाढवतं. आणि नंतरच्या प्रयोगांत दिसलं की पिंजरा ३२ अंशांपर्यंत उबदार ठेवला तर हार्मोन न देताही हेच उंदीर कमी धावतात, जास्त जगतात. मग लेप्टिनने धावण्याची ओढ थांबवली, की नुसती थंडी घालवली? (आमच्या अॅनिमल हाऊसचा एसी एका मे महिन्यात बंद पडला होता. चाकांचे आकडे कोसळले आणि मी आठवडाभर श्रेय माझ्या कंपाऊंडला देत होते. गाईडनी थर्मामीटरकडे बोट दाखवलं, तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.)

आणखी एक गोष्ट मला जर्नल क्लबनंतर कळली. २००५ मध्ये हिलेब्रँड यांच्या गटाने चाकवाल्या उपाशी उंदरांना लेप्टिन दिलं. धावणं कमी झालं, पण खाणंही कमी झालं, ऊर्जेचा खर्च वाढला आणि वजन आणखी घटलं. लेप्टिन भूक मारणारं हार्मोन आहे हे विसरलं की असं होतं. फक्त चाकाचा आलेख पाहिला असता तर हा 'उपाय' वाटला असता. तुमच्या प्रयोगात मुख्य मोजमाप एकच असेल, तर हे उदाहरण वहीत लिहून ठेवा.

घ्रेलिनची कथाही अशीच उलटसुलट आहे. हे जठरातून येणारं भुकेचं हार्मोन. नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं, म्हणूनच एकादशीलाही बाराच्या ठोक्याला पोटात कावळे ओरडतात. निरोगी माणूस तासभर जोरात धावला की त्याचा सक्रिय प्रकार काही काळ खाली जातो. अॅनोरेक्सियात मात्र उपाशीपोटीचं घ्रेलिन चढलेलं असतं. २००१ च्या म्युनिकमधल्या अभ्यासात उपचारानंतर बीएमआय १४ टक्क्यांनी वाढला तेव्हा ते २५ टक्क्यांनी उतरलं. मग इतकं घ्रेलिन असून खाणं का नाही? पेपरांत उत्तर येतं: 'घ्रेलिन रेझिस्टन्स'. मला हा शब्द विसंगतीला दिलेलं नाव वाटतो, स्पष्टीकरण नाही. रेझिस्टन्स म्हणायचा तर बाहेरून मात्रा देऊन प्रतिसाद मोजायला हवा. घ्रेलिनसारखं काम करणारं रेलामोरेलिन २२ स्त्रियांवर चार आठवडे तपासलं गेलं. जठर लवकर रिकामं झालं, पण वजनातला फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. म्हणजे जठराने निरोप ऐकला. सरसकट 'रेझिस्टन्स' कुठे राहिला?

हे सगळं मी इतकं ताणतेय, कारण दोन्ही बाजूंना माणसं आहेत. वॉर्डात येरझारा घालणाऱ्या मुलीला 'मुद्दाम करतेय, नियम मोडतेय' असं ऐकावं लागतं. एक्सनर पेपरने पहिल्यांदा जोरात म्हटलं की यातलं काही तिच्या हातात नसेल. ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी मी त्या पेपरची ऋणी आहे. पण त्याच ओळीत पुढे २०२० मध्ये तीन रुग्णांना मेट्रेलेप्टिन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं लेप्टिन, दिल्याचा अहवाल आला. मनःस्थिती सुधारली, हालचालीची ओढ कमी झाली. तीन रुग्ण, प्लासिबो नाही, आणि काय दिलं जातंय हे सगळ्यांना ठाऊक. लेखकांनी स्वतः चाचण्यांची गरज सांगितली आहे. मला भीती वाटते ती पुढच्या रिव्ह्यूची, ज्यात ही गरज गळून पडेल आणि उरेल माझंच जर्नल क्लबमधलं वाक्य.

ते वाक्य तपासायचं तर काय लागेल, हे आता मला दिसतं. मनगटावर किंवा मांडीवर अॅक्सेलरोमीटर, आठवणीतली उत्तरं नकोत. अस्वस्थता आणि ठरवून केलेला व्यायाम यांचे वेगळे रकाने. शरीराचं तापमान. रक्त घेण्याची ठरलेली वेळ, शेवटच्या व्यायामापासूनच्या तासांच्या नोंदीसह. आणि घ्रेलिनसाठी नमुना हातात येताक्षणी आम्ल आणि प्रोटिएज इनहिबिटर, नाहीतर सक्रिय प्रकार नळीतच मोडतो आणि किट भलताच आकडा दाखवतं. मांडी की मनगट यावर सिनिअरशी वाद अजून चालू आहे. मी मांडीच्या बाजूने, कारण पाय हलवत बसणं मनगटाला कळत नाही.